ताईची विटांची पेटी

२०२४च्या डिसेंबरात मी सहा आठवडे ताईकडे ग्लासगोला राहून आलो, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. फोटो सगळ्यांनी पाहिले. बर्फ पडला का, जेवणाचं काय केलंस, हे प्रश्नही विचारून झाले. पण त्या सहा आठवड्यांत माझा सर्वात जास्त वेळ कशासमोर गेला ते मी कुणाला बोललो नव्हतो, कारण हसला असतात. एका पत्र्याच्या पेटीसमोर!

ही पेटी ताईच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. उंची मांडीपर्यंत, लांबी शाळेतल्या बाकाएवढी, रंग कधीकाळी पांढरा असावा. मला आधी ते कपाटच वाटलं. मागे धूळ साचली होती म्हणून सरकवायला गेलो तर तसूभर हलेना. ताई आतून ओरडली, "अरे, हात नको लावूस, विटा आहेत त्यात!" हीटरमध्ये विटा? मी आजवर हीटर म्हणजे लाल होणारी तार एवढंच पाहिलेलं. वसईत तेवढ्याचीही गरज पडत नाही. जानेवारीत चार दिवस पारा पंधराच्या आसपास आला की आपण शाली काढतो आणि आठवड्यानंतर त्या परत ट्रंकेत जातात.

ताईकडे मात्र विचित्र प्रकार होता. पहाटे सहाला उठलो तर खोली मे महिन्यातल्यासारखी तापलेली, मी स्वेटर काढून ठेवला. दुपारी पेटी कोमट. संध्याकाळी चार वाजता तिथे अंधार पडतो, आणि सहाच्या सुमारास, म्हणजे ऊब हवी नेमकी तेव्हा, पेटी विहिरीच्या कठड्यासारखी गार. ताई दोन स्वेटर, कानटोपी आणि मांडीवर गोधडी घेऊन टीव्हीसमोर बसलेली. फारच झालं की एक छोटा पंख्याचा हीटर लावायची, तोही दहा मिनिटं, मग बिलाच्या भीतीने बंद. वय वर्षं एकोणऐंशी. भाऊजी गेल्यावर मोठं घर विकून ती या आठव्या मजल्यावरच्या लहानशा फ्लॅटमध्ये आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. मी विचारलं तर म्हणाली, "इथे असंच असतं रे. सवय होते."

मास्तराला "असंच असतं" हे उत्तर चालत नाही. छत्तीस वर्षं मी पोरांना इतिहास शिकवला आणि "असंच असतं" म्हणणाऱ्याला बाकावर उभं केलं. ताईला बाकावर उभं करणं शक्य नव्हतं (लहानपणी तिने माझे कान पुष्कळ पिळले आहेत), म्हणून मी त्या पेटीच्या मागे लागलो.

पेटीचं नाव स्टोरेज हीटर. आत लोहखनिजापासून बनवलेल्या जड विटा रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधून विजेच्या तारा गेलेल्या असतात. मोठ्या पेटीचं वजन शंभर किलोच्या वर जातं. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा या तारा सुरू होतात आणि पहाटेपर्यंत विटा सहा-सातशे अंशांपर्यंत तापतात. भोवती उष्णता अडवणारा जाड थर असतो, त्यामुळे बाहेरचा पत्रा तेवढा तापत नाही. मग वीज बंद होते आणि दिवसभर ती साठवलेली ऊब खोलीत येत राहते.

आपल्याकडच्या बंबाची आठवण होणारच. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात करवंट्या, सोडणं, झावळ्यांचे तुकडे घालून आजी पहाटे तो पेटवायची. आमच्या बंबाला चावी नव्हती. वरून गार पाणी ओतायचं तेव्हा तोटीतून तेवढंच गरम पाणी बाहेर पडायचं. शेवटी आंघोळ करणाऱ्याला कोमट पाणी, म्हणून आम्हा भावंडांत रोज भांडण. आजी म्हणायची, ओतण्याआधी विचार करा, कारण ओतलेलं परत मिळत नाही. ताईच्या पेटीचं गणित अगदी हेच निघालं, फक्त तिथे शेवटी आंघोळ करणारीही ताईच होती आणि पहिली आंघोळ करणारीही.

पण बंब आजीने स्वतःसाठी पेटवलेला असायचा. ही पेटी कुणासाठी होती? त्याचं उत्तर शोधताना मी तिथल्या वाचनालयात आणि भाच्याच्या लॅपटॉपवर बरेच दिवस घालवले. ते सगळं इथे लिहून ठेवतो.

वीज तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. (बॅटऱ्या आता आल्या, पण मी जुन्या काळाचं बोलतोय.) आपल्या भागात टाटांनी १९१५ साली खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केलं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. तिथे रात्रीचा प्रश्न फारसा नव्हता. गिरणी थांबली की दार बंद करायचं, पाणी धरणात वाट पाहत थांबतं. कोळशाची भट्टी मात्र अशी थांबत नाही. ती विझवून पुन्हा पेटवायची तर तासन् तास जातात, कोळसा फुकट जातो, यंत्रं झिजतात. अणुभट्टीचं तर आणखीच कठीण, तिला एकसारखं चालणंच आवडतं. आता इंग्लंडमध्ये सगळा कारभार कोळशावर. दिवसा कारखाने, संध्याकाळी घरोघर चुली आणि दिवे. मध्यरात्रीनंतर देश झोपला की वीजकेंद्रं नुसती धापा टाकत उभी. ती उरलेली वीज कुणाच्या तरी गळ्यात मारणं भाग होतं.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचं दाट धुकं बसून राहिलं आणि हजारो माणसं दगावली. घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या हे त्याचं एक मोठं कारण. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांच्या मोठमोठ्या भागांत धूर करणारा कोळसा जाळायला बंदी झाली. त्याच वर्षी कॅल्डर हॉलचं अणुवीजकेंद्र सुरू झालं. म्हणजे एकीकडे माणसांच्या घरातली शेगडी काढून घेतली आणि दुसरीकडे रात्रंदिवस चालणाऱ्या भट्ट्यांत भर पडली. साठच्या दशकात वीज मंडळांनी या विटांच्या पेट्यांचा जोरात प्रचार केला. रात्री भरा, दिवसा शेका!

मग १६ मे १९६८. लंडनच्या पूर्व भागातल्या रोनन पॉइंट नावाच्या नव्या कोऱ्या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर एका बाईने पहाटे चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोटाने भिंत उडाली आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसं गेली, ती बाई वाचली. त्यानंतर अशा पद्धतीने बांधलेल्या अनेक उंच इमारतींमधून गॅसच काढून टाकला. गॅस नाही, कोळसा नाही, मग उरलं काय? वीज. आणि परवडणारी वीज म्हणजे रात्रीची. ताईच्या इमारतीत गॅस का नाही, हा प्रश्न अकरा वर्षांत तिला पडला नव्हता. मला पडला, कारण मी गॅसची शेगडी शोधत होतो, चहा करायला.

१९७८च्या ऑक्टोबरात 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, आणि त्या बदल्यात दिवसाची वीज नेहमीपेक्षा थोडी महाग. ही दुसरी अट लोकांच्या लक्षात राहत नाही. ताईच्याही नव्हती. तो पंख्याचा छोटा हीटर ती दहा मिनिटं लावायची तेव्हा रात्रीच्या साधारण दुप्पट भावाने लावायची.

मोठ्या पेटीची तार साधारण साडेतीन किलोवॉटची असते. सात तास पूर्ण भरली तर एका रात्रीत चोवीस युनिट. आपल्या महावितरणच्या बिलात पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटचा असतो, आणि कितीतरी घरं महिनाभर त्याच्या आत भागवतात. ताईच्या एका खोलीतली एक पेटी ते चार रात्रींत संपवते. हे कळलं त्या दिवशी मी तिला बिलावरून बोलायचं सोडून दिलं.

रात्रीच्या विजेचं वाचत असताना मला सारखं निफाड आठवत होतं. बायकोचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ शेती करतात. निफाडची थंडी पेपरात दरवर्षी छापून येते, पारा पाच-सहाच्या खाली जातो. दादांच्या गहू-कांद्याला पाणी द्यायचं ते रात्री, कारण शेतीपंपांना वीज चक्राकार पद्धतीने मिळायची, काही दिवस दिवसाचे आठ तास तर काही दिवस रात्रीचे दहा तास. रात्रीच्या पाळीत दादा कानाला मफलर, हातात बॅटरी आणि पायात गमबूट घालून बांधावर उभे. साप, विंचू आणि गारठा. एकदा मी हौसेने त्यांच्याबरोबर गेलो आणि तासाभरात परत येऊन चुलीपुढे बसलो.

म्हणजे बघा, रात्री उरणारी वीज तिथेही होती आणि इथेही. आपल्याकडे तर संध्याकाळी टंचाई आणि भारनियमन, पण मध्यरात्रीनंतर मागणी पडायची हे तेच. बोईसरजवळ तारापूरची अणुभट्टी २८ ऑक्टोबर १९६९पासून वीज देऊ लागली, तीही रात्री थोडीच झोपणार? इंग्लंडने ती उरलेली वीज विटांत भरली आणि माणसांना झोपू दिलं. आपण विटा घेतल्या नाहीत, शेतकऱ्याला उठवलं. आपल्याकडे ऊब साठवायची गरजच नाही हे खरं, पण पाणी दिवसा द्यायची गरज होती आणि तिचा विचार व्हायला फार वर्षं लागली. डोंगरावर पाणी चढवून वीज साठवायची युक्ती दोन्हीकडे झाली. वेल्समध्ये डिनॉर्विगला १९८४ साली, आपल्याकडे सह्याद्रीत घाटघरला २००८ साली. रात्रीच्या विजेने पाणी वर न्यायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. पण दादांच्या बांधावरचा माणूस त्याने कमी झाला नाही.

निफाडचीच आणखी एक गोष्ट. फार थंडी पडली की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात, कारण जमिनीतलं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. विहीर हासुद्धा एक स्टोरेज हीटरच की! फक्त तो आधीच भरलेला असतो.

आता ताईकडे परत जाऊ.

पेटीच्या वर एक झाकण होतं आणि त्याखाली दोन गोल खटके. एकावर 'इनपुट', दुसऱ्यावर 'आउटपुट', दोन्हींवर एक ते सहा आकडे. दोन्ही सहावर होते. ताईचं म्हणणं, ती राहायला आली तेव्हा घर दाखवणाऱ्या माणसाने सांगितलं, "हे फिरवलं की गरम होतं." तिने फिरवलं. संपूर्ण फिरवलं. अकरा वर्षं.

इनपुट म्हणजे आज रात्री विटांत किती ऊब भरायची. आउटपुट म्हणजे वरची झडप किती उघडायची. आउटपुट रात्रभर सहावर ठेवलं की विटा इकडून भरत असतात आणि तिकडून रिकाम्या होत असतात. झोपेत आपण पांघरुणात, खोली मात्र मे महिना. दुपारपर्यंत अर्धी ऊब संपलेली, संध्याकाळी काही उरलेलं नाही. बंबाखाली जाळ चालू आणि तोटीतून पाणी वाहतंय, असा प्रकार!

मी शाळेतल्यासारखा तक्ता केला. दुकानातून थर्मामीटर आणला, दिवसातून चारदा आकडा लिहिला. झोपताना आउटपुट एकवर. सकाळी दोनवर, कारण बंद झडपेतूनही विटांची थोडी ऊब झिरपतेच. दुपारी चारनंतर चार-पाचवर. इनपुट एरवी चारवर, आणि हवामानाच्या बातमीत बर्फ म्हणाले की आदल्या रात्रीच पाच-सहावर. ही गोष्ट समजायला मला तीन दिवस लागले. आज थंडी वाजली म्हणून आज इनपुट वाढवून उपयोग नाही, ते उद्या कळतं. पुढच्या दिवसाची थंडी आधी ओळखावी लागते. तरुण, नोकरी करणाऱ्या, घड्याळावर चालणाऱ्या माणसाला हे जमेल. पण दिवसभर घरात असलेल्या ऐंशीच्या बाईला, जिला आता थंडी वाजतेय, तिच्यासाठी ही पेटी केलेलीच नव्हती. ती वीजकेंद्राच्या सोयीसाठी केली होती आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत ठेवली होती. अलीकडच्या नव्या पेट्यांत थर्मोस्टॅट, पंखा आणि चांगला थर असतो, त्या स्वतःच हिशेब करतात. पण बदलायला पैसे लागतात.

आठवड्यानंतर संध्याकाळी सहाचा आकडा तेरावरून सतरावर आला. तिथले आरोग्यवाले किमान अठरा सांगतात. एक अंश कुठे जात होता, ते मला ठाऊक होतं. खिडकी.

ताई रोज रात्री बाहेरच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. बाहेर उणे दोन अंश, आत सातशे अंशांच्या विटा, आणि मध्ये चार बोटांची फट! मी पहिल्या रात्री बंद केली तर ती उठून परत उघडून गेली. काही बोलली नाही, मीही बोललो नाही, कारण त्यामागचं कारण आम्हा दोघांनाच माहीत आहे. आता लिहितो, म्हणजे पुढच्या पिढीलाही कळेल.

१९६१ सालचा डिसेंबर. आमचा सर्वात धाकटा भाऊ जन्मला होता. आई बाळंतिणीच्या खोलीत, बाजेखाली कोळशाची शेगडी, त्यावर ओवा-शेपांची धुरी. त्या वर्षी थंडी जास्त होती म्हणून आजीने खिडकी लावून घेतली आणि फटीत चिंध्या कोंबल्या. दार वाऱ्याने लागलं. आम्ही पडवीत झोपलो होतो. पहाटे बाळ रडतंय आणि आई उठत नाही म्हणून ताईने दार ढकललं. ती सोळा वर्षांची होती, मी दहा. आईचा चेहरा लालसर होता आणि हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. ताईने आधी बाळाला माझ्या हातात दिलं, मग आईला खांद्याला धरून ओढत ओसरीवर आणलं आणि खिडकीतल्या चिंध्या उपसून काढल्या. आई तासाभराने शुद्धीवर आली. दोन दिवस डोकं दुखत होतं. आजीने दृष्ट काढली. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, हे मी पुढे कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं तेव्हा मला घाम फुटला होता.

ताईने त्या दिवसानंतर बंद खोलीत झोप घेतलेली नाही. लग्न होऊन १९७१ साली ती तिकडे गेली. फेब्रुवारी १९७२मध्ये खाणकामगारांचा संप झाला आणि घरोघरची वीज पाळीपाळीने जायला लागली तेव्हाही, भाऊजी सांगायचे, घरात मेणबत्ती आणि खिडकी उघडी.

मी तिला म्हटलं, "ताई, या पेटीत काही जळत नाही. धूर नाही, वायू नाही. नुसत्या विटा आहेत."

"मला कळतं रे. पण डोळा लागत नाही त्याला काय करू?"

यावर मास्तराकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला. चार बोटांऐवजी एक बोट, आणि तीही झोपायच्या खोलीची खिडकी, पेटीच्या खोलीची नव्हे. थोडी हवा खेळती राहिली तर ओल आणि बुरशीही धरत नाही, तेव्हा तिचं सगळंच चुकीचं नव्हतं.

खरं भय मात्र दुसरीकडे होतं, आणि त्याची तिला जाणीवच नव्हती. पेटीवर ती ओले टॉवेल, पायमोजे, कधी शाल वाळत घालायची. सकाळी छान गरम असते ना! आणि ऊब हवी म्हणून कापडी खुर्ची पेटीला चिकटवून ठेवली होती. पेटीतली हवा बाहेर पडायच्या जागा झाकल्या की आतली उष्णता कोंडते आणि कापड करपतं, पेटतंही. बऱ्याच पेट्यांत जास्त तापलं की वीज तोडणारी कळ असते, पण जुन्या यंत्रातल्या कळीवर जीव टांगून कोण ठेवील? खुर्ची हातभर मागे घेतली, पडदा आखूड केला, कपड्यांसाठी लाकडी घोडी आणली. पडद्याचं कापड कापताना ताई जरा हळहळली. आणखी एक गोष्ट कळली. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या काही पेट्यांत ॲस्बेस्टॉसचा थर असायचा. अशी पेटी घरी उघडायची किंवा तोडायची नसते, जाणकार माणूस बोलवावा लागतो. ताईची पेटी त्यानंतरची आहे हे भाच्याकडून खात्री करून घेतलं. नाहीतर मी स्क्रू-ड्रायव्हर शोधतच होतो.

(जाता जाता इथल्या मंडळींसाठी: बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर हा आमच्या बाळंतिणीच्या खोलीचाच भाऊ आहे. दरवर्षी पेपरात बातमी येते. गीझर बाहेर बसवा, खिडकी उघडी ठेवा. आणि बादलीत रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघू नका.)

ताई खूश होईल असं मला वाटलं होतं. ती रागावली. माझ्यावर नव्हे. संध्याकाळी सातला खोली उबदार, कानटोपी काढलेली, आणि ती एकदम म्हणाली, "अकरा हिवाळे मी उलटं करत होते? आणि एकाने सांगितलं नाही?" मग बराच वेळ गप्प. भाऊजींच्या शेवटच्या आजारपणात त्यांना ऊब मिळाली की नाही, असं तिच्या मनात आलं असावं. ते जुन्या घरात गेले, तिथे गॅस होता, हे मी तिला आठवण करून दिलं.

मी तिथे असतानाच वीज कंपनीचं पत्र आलं की तुमचा टेलिस्विच बंद होणार आहे, मीटर बदलून घ्या. हा टेलिस्विच काय प्रकार आहे ते वाचून मी थक्क झालो. लाखो घरांतल्या पेट्या रात्री कधी सुरू करायच्या आणि कधी बंद, हा हुकूम बीबीसीच्या रेडिओवरून जायचा! रेडिओ फोरच्या लाँग वेव्हवर, १९८ किलोहर्ट्झवर, बातम्या आणि क्रिकेटचं समालोचन चालू असताना त्याच लहरीत ऐकू न येणारी खूण मिसळलेली असायची आणि घरातला मीटर ती ऐकून पेटीला वीज सोडायचा. ऐंशीच्या दशकापासून हे चालू होतं. ज्यांचं बालपण आकाशवाणीवर गेलं त्यांना माझा आनंद कळेल. पण ती यंत्रणा जुनी झाली आणि ३० जून २०२५पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. ज्यांचे मीटर बदलले नाहीत त्यांच्या पेट्या चालूच राहतील किंवा बंदच राहतील अशी भीती होती. ताईचा मीटर मार्चमध्ये बदलला, त्यासाठी भाच्याने चार फोन केले आणि एक दिवस रजा काढली. ज्यांना भाचे नाहीत त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

आणि आता काळ उलटा फिरलाय. कोळशाच्या जागी वारा आणि ऊन येतंय, त्यामुळे वीज उरते ती रात्रीच असं नाही. आपल्याकडे तर दुपारीच उरायला लागली. जुलै २०२५पासून महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू केली. रात्री नव्हे, भर दुपारी! शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायची योजना २०१७ साली सुरू झाली, आणि दादांच्या फीडरला ती मिळायला लागल्यापासून त्यांचे गमबूट ओसरीवर पडून आहेत. सत्तर वर्षं ज्या रात्रीच्या विजेसाठी एकाने विटा तापवल्या आणि दुसरा बांधावर उभा राहिला, ती रात्रच आता महाग होऊ घातली आहे.

परवा रविवारी ताईचा फोन आला होता. ग्लासगोत बर्फ होता. इनपुट किती, मी विचारलं. "पाच. शुक्रवारीच केलं, बातम्यांत सांगितलं तेव्हा." संध्याकाळचा आकडा अठरा. तक्ता ती अजून भरते, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दूधवाल्याचा हिशेब लिहायच्या जागेत. तिथे दूधवाला येत नाही, त्यामुळे जागा रिकामीच असते.

"आणि खिडकी?"

"दीड बोट," ती म्हणाली. "एकात झोप येत नव्हती."